एक घर मागे

भिंगकाका आणि मास्तर एकमेकांचे साडू. भिंगकाकांची बायको थोरली, मास्तरांची बायको धाकटी; दोघी सख्ख्या बहिणी आणि एकीचं दुसरीवाचून पान हलत नसे. नवऱ्यांचं मात्र गेल्या उन्हाळ्यापासून बोलणं बंद होतं.

कारण सांगायला गेलं तर हसू यायचं, म्हणून घरात कुणी ते काढत नसे. भिंगकाकांचं चष्म्याचं दुकान. आजूबाजूच्या पोरांनी त्यांना ते नाव ठेवलं आणि गिऱ्हाइकांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी उचललं. मास्तर गाडी चालवायला शिकवत. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि "हळू, हळू, अहो हळू" म्हणायचं, हा त्यांचा धंदा. एकदा सासूबाईंच्या घरी जेवणं आटोपल्यावर मास्तर पेपर वाचत बसले होते. हात असा ताठ करून त्यांनी तो लांब धरला होता, की समोरच्या खुर्चीतल्या माणसालाच वाचायला सोयीचा पडावा. भिंगकाका सहज म्हणाले, "मास्तर, वर्षभरात हात कमी पडायला लागतील. चाळिशी करून टाकू का तुमची?"

सगळे खो खो हसले. मास्तर केसांना कलप लावत. वय, टक्कल आणि चाळिशी हे तीन विषय त्यांच्यासमोर काढायचे नसतात, हे भिंगकाकांना ठाऊक असायला हवं होतं. मास्तरांनी शांतपणे पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "गाडी मागे घेताना स्वतःच्याच दुकानाची पाटी आडवी करणाऱ्याने लोकांच्या नजरा तपासू नयेत."

हेही खोटं नव्हतं. भिंगकाका मास्तरांकडेच गाडी शिकले होते आणि पाटी त्यांनी खरोखरच आडवी केली होती. पण ती गोष्ट घरच्यांपुढे, तीही जेवणातला शेवटचा गोड घास भिंगकाकांच्या तोंडात अजून असताना? तिथून जो अबोला सुरू झाला तो झालाच. एका टेबलावर जेवायला बसले तरी भिंगकाका बायकोला सांगत, "तुझ्या बहिणीला म्हणावं, तिच्या नवऱ्याकडची बरणी इकडे सरकव." बरणी असायची हाताच्या अंतरावर.

शेवटी बहिणी कंटाळल्या. धाकटी शाळेत इतिहास शिकवायची. वरच्या वर्गातल्या मुलींकडून ती एक खेळ शिकून आली होती. टेबलावर घरं आखलेला मोठा कागद पसरायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, योद्धा म्हणा, मांत्रिक म्हणा, चोर म्हणा, आणि त्याची छोटी बाहुली कागदावर उभी करायची. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगणार: तुम्ही जंगलात आहात, समोरून लांडगे येताहेत, बोला, काय करता? आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा ठरवणार. मोठा आकडा पडला तर फत्ते, लहान पडला तर बोंबला.

"आणि एक नियम," धाकटीने बजावलं. "टेबलावर कुणी कुणाचा साडू नाही की सासू नाही. बोलायचं ते पात्र म्हणून."

रविवारी दुकान बंद असे, म्हणून दुपारी मागच्या खोलीत, जिथे भिंगकाका नजर तपासत, तिथे बैठक जमली. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांची पाटी, खाली टेबल, भोवती पाच खुर्च्या. धाकटी सूत्रधार. थोरली वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करायची आणि तिथली उलटतपासणी रोज घरी घेऊन यायची. तिने मांत्रिक घेतली, म्हणजे कुणालाही जाळून टाकता येईल. सासूबाई इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. त्या म्हणाल्या, "मी चोर होते. जन्म शिस्तीत गेला, आता जरा हात साफ करून घेते." मास्तरांनी काही न विचारता ढाल-तलवारीचा योद्धा उचलला.

भिंगकाका हत्यारांची चित्रं बघत राहिले. मग धाकटीला म्हणाले, "यातलं सगळ्यात लांब कुठलं?"

"लांब भाला, भाऊजी. तलवार शेजारच्या घरापर्यंतच पोचते. भाला त्याच्याही पलीकडच्या घरात जातो."

"मग तोच द्या. शत्रूचं तोंड जितकं लांब तितकं बरं."

"पण शत्रू अगदी अंगाला भिडला की हा भाला कामाचा नाही हं. एवढा लांब दांडा वळवणार कुठे?"

"भिडू देतोय कोण!" भिंगकाका म्हणाले आणि त्यांनी आपली बाहुली सगळ्यांच्या मागे नेऊन ठेवली. बायकोच्याही मागे.

पहिल्याच लढाईत त्यांची शोभा झाली. जंगलातून लांडगे निघाले, तशी मास्तरांनी आरोळी ठोकून आपला योद्धा थेट कळपात घुसवला. दिवसभर दुसऱ्यांना आवरणारा माणूस असा मोकळा सुटला, की धाकटीसुद्धा "अहो, जरा ऐका" म्हणेपर्यंत चार घरं पुढे गेला होता. लांडगे काय मूर्ख नव्हते. दोन त्याच्याशी खेळत राहिले आणि तिसरा वळसा घालून थोरलीच्या मांत्रिकेकडे निघाला.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "हा लांडगा तुमच्या भाल्याच्या टप्प्यातून चाललाय. टप्प्यात कुणी पाऊल टाकलं, की पाळी नसतानाही तुम्हाला एक वार करता येतो. वार लागला तर तो जागीच थांबतो. करता?"

भिंगकाकांनी लांडग्याच्या बाहुलीकडे निरखून बघितलं. "नको," ते म्हणाले. "उगाच चिडेल."

लांडग्याने मांत्रिकेच्या पिंढरीचा लचका तोडला.

त्या संध्याकाळी थोरलीने भांडी दणादण विसळली. शेवटचं पातेलं पालथं घातलं आणि मग वळली. "अहो, लांडगा तुमच्या डोळ्यांदेखत माझ्या अंगावर आला."

"खेळातला लांडगा गं."

"खेळातला का असेना. 'चिडेल' म्हणालात! मी चिडले नसते असं वाटलं तुम्हाला?"

भिंगकाकांनी पंचा घेतला आणि मुकाट्याने भांडी पुसायला लागले. पण मनातून ते चरकले होते. आपण भाला घेतला तो दुसऱ्याला राखायला नव्हे, स्वतःला लांब ठेवायला, हे त्या एका शब्दात सगळ्यांना कळून चुकलं होतं. आणि सगळ्यांना म्हणजे मास्तरांनाही. मास्तर नुसते मिशीत हसले होते, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा भिंगकाका शटर ओढायची आकडेवाली लांब काठी घेऊन उभे होते. गिऱ्हाईक नव्हतं.

"जरा इथे उभी राहा," ते म्हणाले. "तू योद्धा. ती फिरती खुर्ची लांडगा."

"डबा गार होईल."

"होऊ दे. मला नीट समजून घ्यायचंय."

थोरलीने डबा काउंटरवर ठेवला, पर्स ढालीसारखी धरली आणि उभी राहिली. भिंगकाका तिच्या एक फरशी मागे थांबले आणि तिच्या खांद्यावरून त्यांनी काठी पुढे काढली. आकडा बरोबर खुर्चीपर्यंत पोचत होता. मग ते तिच्या बाजूला येऊन उभे राहिले, तर काठी चष्म्यांच्या कपाटावर आपटली. खूप मागे गेले, तर टोक जेमतेम तिच्या नाकापर्यंत. परत बरोबर मागे आले. डावीकडून कुणी आलं तरी काठी फिरत होती, उजवीकडून आलं तरी फिरत होती.

"बघ!" भिंगकाका हरखून म्हणाले. "तुझ्याशी भिडायला आलेला आधी माझ्या टप्प्यात येतो. आणि तू पुढे आहेस तोवर माझ्या अंगाला कुणी भिडू शकत नाही. मी तुला राखतो, तू मला राखतेस. फक्त मी एक घर मागे पाहिजे. जास्त नाही, कमी नाही."

"म्हणजे मी मार खायचा."

"खाऊ देत नाही म्हणतोय ना! हं, लांडगा आला!" असं म्हणून त्यांनी काठी अशी सपकन पुढे काढली, की फिरती खुर्ची गरकन फिरून दारापर्यंत गेली.

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात काडी निखळलेला चष्मा. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग बायकोच्या खांद्यावरून आकडा रोखून उभ्या असलेल्या दुकानदाराकडे पाहिलं.

"नाही, काही घाई नाही," गृहस्थ म्हणाले. "तुमचं भांडण मिटलं की येतो."

त्यांना आत आणून बसवेपर्यंत थोरलीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायला लागलं होतं.

पुढच्या रविवारपासून भालेकऱ्याचा नूर पालटला. भिंगकाका कधी चोराच्या एक घर मागे थांबले, कधी मांत्रिकेच्या. गुहेतून वटवाघळं उतरली ती भाल्यावरच. एक दरोडेखोर सासूबाईंच्या चोराला पकडायला धावला, तर टप्प्यात पाऊल पडताच भिंगकाकांनी फासा टाकला, वार लागला, दरोडेखोर जागच्या जागी खिळला आणि सासूबाईंनी तेवढ्यात त्याचे जोडे पळवले.

"जोडे कशाला, आई?" धाकटीने विचारलं.

"चांगले होते," सासूबाई म्हणाल्या.

भिंगकाकांना आपल्या हाताला काहीतरी गवसल्यासारखं वाटायला लागलं. मोठा मार त्यांच्या भाल्याने कधी बसत नसे. शत्रू मारायचे ते थोरली किंवा मास्तर. पण कोण कुठून येईल, कुणाची बाजू उघडी आहे, आपण अर्ध्या पावलाने सरकलो तर दोघं झाकली जातील का, हे ते आधीच हेरत. टोळीत कुणाला साधं खरचटेनासं झालं.

अपवाद फक्त मास्तर. मास्तर दर वेळी टप्प्याच्या बाहेर. भिंगकाका त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, की मास्तरांचा योद्धा दोन घरं पुढे. कधी एक घर डावीकडे. एकदा तर सगळे शत्रू उजवीकडे असताना तो भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "या, कोण येतो ते!"

नियमाप्रमाणे बोलायचं ते पात्र म्हणून, तेव्हा दोघांना बोलायची मुभा होती. पण ते बोलत जुन्या नाटकातल्यासारखं.

"हे वीरा!" भिंगकाका म्हणत. "किंचित माघारी ये. माझा भाला तुजपर्यंत पोचत नाही."

"हे भालेकऱ्या!" मास्तर म्हणत. "वीर माघारी येत नसतात. तुझ्या भाल्याला म्हणावं, थोडं चाल."

"वीराने टाकलेली पावलं मोजावीत, अशी विनंती."

"भालेकऱ्याने आपल्या पाट्या सांभाळाव्यात, अशी सूचना."

"पात्र म्हणून!" धाकटी टेबलावर पट्टी आपटायची.

अशात नवीनच कुरबूर निघाली. घरी येता येता थोरली म्हणाली, "तुमचा साडू फसवतो."

"काहीतरीच."

"मी शेजारी बसते. फाशावर सहा असतात, तो आठ म्हणतो. आज तीन होते, 'आठ' म्हणून मोकळा झाला. मी कचेरीत रोज असले लोक बघते. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर धरते की नाही बघा."

खरं सांगायचं तर आधी भिंगकाकांना बरंच वाटलं. ज्याने आपली पाटी काढली, त्याचीच आता निघणार होती. बसल्या जागी, न बोलता, बायकोच्या हातून. दोन दिवस ते दुकानात शीळ घालत काम करत होते.

पण पुढच्या रविवारी ते मास्तरांकडे नीट बघायला लागले आणि ती शीळ विसरले. मास्तरांनी फासा टाकला. भिंगकाकांना स्वच्छ दिसलं, अठरा. मास्तरांनी हनुवटी वर केली, मान मागे नेली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "तेरा. गेला वार." आणि गपचूप पुढच्याच्या हाती फासा दिला.

लबाडी करणारा माणूस स्वतःच्या तोट्याची लबाडी करत नाही. भिंगकाका टक लावून बघत राहिले. ती मान, ती हनुवटी, ते डोळे बारीक करणं रोज दुकानात त्यांच्यासमोर बसत होतं. मग त्यांची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली. धाकटीने घरं आखली होती अगदी बारीक पेन्सिलीने. मास्तरांना ती घरं दिसतच नव्हती. शौर्याने पुढे धावणारा, भिंतीला आव्हान देणारा तो वीर, बिचारा अंदाजाने बाहुली ठेवत होता. रस्त्यावरचं लांबचं सगळं त्यांना लख्ख दिसे, धंद्याला बाध नव्हता. पण हातभरावरचा कागद म्हणजे नुसतं धुकं. आणि हे कुणाला कळू नये म्हणून ते आरोळ्या ठोकत होते.

भिंगकाकांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मास्तरांना नेहमी बेफिकीर समजलं होतं.

त्या दिवशीची लढाई पुलावरची होती. खाली नदी, पलीकडे तीन राक्षस. पूल इतका अरुंद, की एका वेळी एकच माणूस पुढे उभा राहू शकेल. मास्तरांचा योद्धा पुढे झाला. पहिला राक्षस आला. मास्तरांनी फासा टाकला, मान मागे नेली आणि गर्जना केली, "अठरा! मेला!"

"थांबा," थोरली म्हणाली. आवाज अगदी कचेरीतला. "फाशाला कुणी हात लावायचा नाही. मला बघू दे."

थोरली टेबलावर वाकायला लागली. भिंगकाकांना फासा दिसत होता. तेरा. मास्तरांनी हसत हसत सगळ्यांकडे पाहिलं, कारण त्यांना खरंच अठरा दिसत होते. आणि ते हसू आता दोन क्षणांत सगळ्यांसमोर उतरणार होतं.

भिंगकाका ताडकन उठले. "या खोलीतला उजेड भिकार आहे!" ते ओरडले.

चौघांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग छताकडे. सगळ्या गल्लीत एवढा लखलखाट दुसऱ्या कुठल्याही खोलीत नव्हता. सासूबाई तर दर वेळी डोळ्यांवर हात धरून बसत.

"उजेड?" थोरली म्हणाली.

"भिकार," भिंगकाका ठासून म्हणाले. "मला स्वतःला आकडे दिसत नाहीत. कधीपासून दिसत नाहीत. चष्मेवाला असलो म्हणून काय झालं, मलाही डोळे आहेत. मी आजवर कितीतरी आकडे अंदाजाने सांगितलेत."

"तुम्ही?"

"मी. काय म्हणायचं ते म्हण."

चष्म्याचे बारीक स्क्रू बसवायला त्यांच्याकडे एक दिवा होता, गोल मोठ्या भिंगाचा, लवचीक मानेचा. तो त्यांनी कपाटातून काढला, टेबलावर ठेवला आणि भिंग फाशावर वाकवलं. आकडा अंगठ्याएवढा झाला. "यापुढे सगळ्यांनी फासा याच्याखाली टाकायचा. माझी गैरसोय होते म्हणून सांगतोय."

मास्तर भिंगावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"तेरा," ते म्हणाले. आवाजात गर्जना नव्हती. "तेरा आहेत. वार हुकला."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. ओठांवर आलेला पुढचा प्रश्न तिने गिळला. उलटतपासणी कुठे थांबवायची हेही ती कचेरीत शिकली असणार. सासूबाईंनी तर काही न ऐकल्यासारखं करून राक्षसाच्या कमरपट्ट्याची चौकशी सुरू केली.

वार हुकला तसा राक्षसाने सोटा हाणला. मास्तरांचा योद्धा गुडघ्यावर आला. मागचे दोन राक्षस पुलावर चढले.

"हे वीरा," भिंगकाका हळूच म्हणाले. "एक घर मागे ये."

मास्तरांनी बाहुली उचलली. ती हातात तशीच अधांतरी राहिली. कागदाकडे बघत, अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कुठलं घर?"

अबोला धरल्यापासून साडूच्या तोंडून साडूसाठी निघालेले हे पहिले शब्द. त्यात 'हे भालेकऱ्या' नव्हतं. धाकटीने पट्टी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

भिंगकाकांनी खिशातून भिंगांवर खुणा करायचा जाड मार्कर काढला आणि कागदावर एका घराभोवती ठसठशीत काळी चौकट काढली. मग त्याच्या मागच्या घरात आपला भालेकरी उभा केला. मास्तरांनी बाहुली चौकटीत ठेवली. बरोबर मध्ये.

पुढचं सगळं फार भराभर झालं. राक्षस पुढे आला तो भाल्याच्या टप्प्यात. भिंगकाकांनी फासा टाकला, लागला, राक्षस अडला. अडलेल्या राक्षसावर थोरलीने आग फेकली. दुसरा त्याला ओलांडून आला, पुन्हा भाला, पुन्हा अडला, आणि आता गुडघ्यावरूनच मास्तरांनी तलवार चालवली. या वेळी भिंगाखाली एकोणीस पडले. मास्तरांनी ते स्वतः वाचले आणि खोली हादरेल असे ओरडले. तिसऱ्या राक्षसाचा कमरपट्टा सासूबाईंनी कठड्यावरून सरकत जाऊन मागून लांबवला. विजार सावरता सावरता तो कठड्यावरून नदीत पडला.

"हे नियमात बसतं का?" मास्तरांनी विचारलं.

"बसतं," सासूबाई म्हणाल्या. धाकटीची त्यांना नाही म्हणायची छाती झाली नाही.

मंगळवारी सकाळी दुकानात गर्दी असताना मास्तर दारात आले आणि बाहेरच्या फ्रेमा बघत राहिले. एकेक गिऱ्हाईक जाईपर्यंत त्यांनी एकूण एक फ्रेम पाहिली. दुकान रिकामं झालं तसे आत आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हे भालेकऱ्या."

"बोल, वीरा," भिंगकाका म्हणाले.

"फासे वाचण्यापुरतं काहीतरी हवं. फक्त फासे. बाकी मला सगळं दिसतं."

"अर्थात."

मागच्या खोलीत भिंगकाकांनी त्यांना बसवलं आणि जवळचं वाचायचा कागद हातात दिला. मास्तर धडाधड वाचत सुटले. एक शब्द चुकला नाही. भिंगकाकांनी थोडं थांबून कागद हळूच सरळ केला. तो उलटा धरला होता.

"आधीच्या बाई मोठ्याने वाचत होत्या," मास्तर ओशाळून म्हणाले. "बाहेर ऐकू येत होतं."

मग मात्र दोघेही इतके हसले, की बाहेर आलेलं गिऱ्हाईक घाबरून दारातच थांबलं. मास्तरांनी तपासणी नीट करून घेतली. निघताना ते म्हणाले, "तुम्हाला उजेड कमी पडतो म्हणालात परवा."

"पडतो की."

"खोटारडे आहात," मास्तर म्हणाले आणि काउंटरवरचा त्यांचा हात घट्ट दाबून गेले.

पुढच्या रविवारी मास्तर चाळिशी लावून बसले. पहिली पाच मिनिटं ते नुसते कागद बघत होते. झाडं होती, ओढा होता, धाकटीने कोपऱ्यात एक छोटा ससासुद्धा काढला होता. "हे सगळं आधीपासून होतं?" त्यांनी बायकोला विचारलं. "तू किती छान काढलंयस गं." धाकटीचे कान लाल झाले.

मग ओसाड किल्ल्याच्या अंगणात सांगाडे उठले. भिंगकाका शिस्तीत मागे येऊन थांबले. आणि मास्तरांनी आरोळी ठोकली, योद्धा उचलला आणि सांगाड्यांच्या मधोमध नेऊन ठेवला.

"अहो मास्तर!" भिंगकाका किंचाळले. "आता घरं दिसतात ना?"

"स्वच्छ दिसतात!" मास्तर म्हणाले. "म्हणूनच तर सगळ्यांत गर्दीचं घर निवडलं!"

म्हणजे दोष निम्मा डोळ्यांचा होता आणि निम्मा स्वभावाचा, आणि स्वभावाला काच बसवायची सोय भिंगकाकांच्या दुकानात नव्हती. त्यांनी क्षणभर मागे उरलेल्या बायकोकडे आणि सासूबाईंकडे पाहिलं. "जा," थोरली हात झटकत म्हणाली. "मी जाळते काय यायचं ते." भिंगकाकांनी भालेकऱ्याला उचललं आणि मास्तरांच्या मागे धावत सोडलं.

अंगणातली फरशी दोघांच्या वजनाने खचली. दोघे तळघराच्या खड्ड्यात.

"तुमचा आवाज आता वर कुणाला ऐकू जात नाही," धाकटीने जाहीर केलं. "दोर मिळेपर्यंत तुम्ही दोघे बाहेर बसा."

दोघे साडू दुकानाच्या पुढच्या भागात, गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. खड्ड्यात पात्र म्हणून बोलायचं की स्वतः म्हणून, हे धाकटीने सांगितलं नव्हतं. मग मास्तरांनी आरशासमोरची एक लाल फ्रेम उचलून नाकावर चढवली.

"कसा दिसतो?"

"वरातीतल्या बँडवाल्यासारखे."

"आणि ही?"

"ही बरी आहे. पण कलप काढलात तर आणखी बरी दिसेल."

मास्तर आरशात वळून वळून बघत राहिले. आतून सांगाड्यांची हाडं मोडल्याचा आणि सासूबाईंच्या विजयाचा आवाज आला. मग सासूबाईंनी हाक मारली, "जावईबापू! दोर टाकलाय खड्ड्यात! चढा वर!"

"आलो आलो," भिंगकाका म्हणाले आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला. "मास्तर, थांबा, ही काळ्या काड्यांची लावून बघा."